मुहूर्त मॉरिशसचा, मामा ठाण्याचा: एका विमानप्रवासाच्या अंतराचा आणि वेळेचा हिशोब

शुक्रवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटं. मुहूर्त मॉरिशसमधल्या क्यूरपीप गावी आणि मुलीचा मामा ठाण्यात, नौपाड्याला. मंगलाष्टकं सुरू होताना मुलीच्या पाठीशी मामा उभा हवा. बाकी पाहुण्यांना तासभर उशीर झाला तर चालतं, मामाला झालेला चालत नाही. म्हणून या घरातला प्रश्न "विमान किती तासांचं?" एवढ्यावर सुटणारा नव्हता. नौपाड्याच्या दारातून निघून मांडवाच्या दारात पोहोचायला किती वेळ लागेल, आणि त्यातला कोणता भाग आपल्या हातात आहे, हे काढायचं होतं.

जाणारे पाच जण: मामा, मामी, त्यांची कॉलेजातली मुलगी, ७६ वर्षांच्या आजी आणि साताऱ्याहून येऊन मिळणारे काका. महिना जानेवारी. मुलगी आणि तिचे आईवडील आधीच तिकडे पोहोचलेले. मुलाकडची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मॉरिशसची, पण मूळ कोकणातली. घरात क्रिओल बोलतात, गणपती मात्र बसतोच. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. हळद गुरुवारी संध्याकाळी ५ वाजता.

समोर दोन तिकिटं होती. पहिलं डायरेक्ट: मुंबईहून गुरुवारी पहाटे ४:४० ला सुटणार, मॉरिशसला सकाळी ९:४० ला पोहोचणार. हे विमान मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असं आठवड्यातून तीनच दिवस होतं. दुसरं दुबईवरून: मुंबईहून बुधवारी रात्री १०:०० ला, दुबईत रात्री ११:५०, तिथून पहाटे २:३५ ला आणि मॉरिशसला गुरुवारी ९:१५ ला. दुबईवालं माणशी साडेसात हजारांनी स्वस्त, म्हणजे पाच जणांत साडेसदतीस हजारांचा फरक. शिवाय ते रोज मिळणारं. घरातला कल साहजिकच दुबईकडे झुकला होता.

आधी अंतर

मामांच्या मुलीने स्प्रेडशीटमध्ये अंतर काढलं आणि उत्तर आलं १,६०० किलोमीटर. मुंबई–दिल्ली साधारण साडेअकराशे, म्हणजे मॉरिशस दिल्लीहून थोडंच पुढे. मग तिकिटावर (घड्याळांतला फरक धरून) साडेसहा तास कशाला? शंका रास्त होती, चूक आकड्यात होती. ही चूक फार जणांकडून होते, म्हणून गणित पूर्ण मांडणं गरजेचं आहे.

मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. मॉरिशसचा सर शिवसागर रामगुलाम विमानतळ २०.४३ अंश दक्षिण, ५७.६८ अंश पूर्व. गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावर मोजतात. त्यासाठी दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवायचा. जी बेरीज येते तो मधल्या कोनाचा कोसाइन.

इथे दक्षिण अक्षांश उणे धरावा लागतो. साइनचा गुणाकार ०.३२७० गुणिले उणे ०.३४९१, म्हणजे उणे ०.११४२. कोसाइनचा गुणाकार ०.९४५० गुणिले ०.९३७१, म्हणजे ०.८८५६. रेखांशांतला फरक १५.१९ अंश, त्याचा कोसाइन ०.९६५१, म्हणून ०.८५४७. बेरीज ०.७४०५. हा कोसाइन ज्या कोनाचा, तो कोन ४२.२३ अंश. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणून सुमारे २,५३५ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे ४,६९५ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे उत्तर–दक्षिण जाणाऱ्या या मार्गाचं नेमकं अंतर आणखी वीसेक किलोमीटर कमी भरतं. प्रवाशासाठी ४,७०० हा आकडा पुरेसा.

मामांच्या मुलीने मॉरिशसचा अक्षांश नुसता २०.४३ टाकला होता. उणे चिन्ह गेलं की पहिला गुणाकार अधिक होतो, बेरीज ०.९६८८ होते, कोन १४.३५ अंशांवर येतो आणि अंतर १,५९५ किलोमीटर दाखवतं. म्हणजे स्प्रेडशीटने मॉरिशस विषुववृत्ताच्या अलीकडे, अरबस्तानाजवळ नेऊन ठेवलं होतं. उत्तर दिसायला नीटनेटकं येतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे अंश रेडियनमध्ये बदलायचे राहतात. पण तेव्हा आकडाच इतका विचित्र येतो की लगेच कळतं. उत्तर पडताळायचा सोपा उपाय आहे. अक्षांशांत किती अंशांचा फरक आहे ते बघा आणि १११ ने गुणा. इथे १९ वर आणि २० खाली, मिळून साडेएकोणचाळीस अंश, म्हणजे नुसतं उत्तर–दक्षिणच ४,३९० किलोमीटर. याहून कमी अंतर कधीच येऊ शकत नाही.

सपाट नकाशावर काटकोन त्रिकोण काढूनही इथे ४,७०८ येतं, जवळपास बरोबर. पण म्हणून ती पद्धत खरी मानू नये. दोन्ही ठिकाणं विषुववृत्ताच्या आजूबाजूला आहेत म्हणून ती इथे जुळली. तीच मुंबई–न्यूयॉर्कला लावली तर साडेसोळा हजार किलोमीटर येतात. खरं अंतर साडेबारा हजार.

दुबईवरून जाताना मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–मॉरिशस सुमारे ५,०८५, मिळून ७,०१५ किलोमीटर. डायरेक्टपेक्षा २,३०० हून जास्त, म्हणजे जवळजवळ दीडपट. नकाशा पाहिला की कारण दिसतं. मॉरिशस मुंबईच्या नैऋत्येला, तेही दक्षिणेकडे जास्त झुकलेलं, दुबई वायव्येला. आधी उलट्या दिशेला जाऊन मग सगळा समुद्र उतरायचा.

४,७०० किलोमीटरला साडेसहा तास का?

जेट विमान साधारण ११ किलोमीटर उंचीवर ध्वनीच्या वेगाच्या ०.८२ पट जातं. उष्णकटिबंधातल्या त्या उंचीवरच्या हवेत हा वेग सुमारे ४८० नॉट, म्हणजे ताशी ८९० किलोमीटर भरतो. ४,७०० भागिले ८९० केलं की सव्वापाच तास येतात. तिकिटावर मात्र साडेसहा.

मधला सव्वा तास पाच ठिकाणी जातो. विमान बृहद्वृत्ताच्या धाग्यावरून जात नाही. उड्डाणानंतर ठरलेल्या वळणांनी बाहेर पडतं, समुद्रावर ठरावीक बिंदूंवरून जातं आणि उतरताना पुन्हा वळणं घेतं. यात दोन-तीन टक्के अंतर वाढतं, म्हणजे सव्वाशे किलोमीटर आणि आठ-नऊ मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची पंधराएक मिनिटं. वारा समोरून थोडा आडवा आला तर आणखी पाच-सात. मग येतं जमिनीवरचं फिरणं, आणि मुंबईत ते बरंच असतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि रांग लागते. गेटवरून मागे ढकलल्यापासून चाकं उचलेपर्यंत वीस मिनिटं सहज जातात. तिकिटावरची वेळ ही गेट सोडल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते, हवेतली नव्हे. शेवटी उरतात वीस-पंचवीस मिनिटं. ती वेळापत्रकात मुद्दाम ठेवलेली असतात, किरकोळ उशीर त्यात जिरावा म्हणून. पुढे या घराला नेमकी तीच कामी आली.

किनाऱ्यापासून साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटरपुढे साधा रेडिओ आणि रडार दोन्ही सुटतात. तिथून संपर्क हाय फ्रिक्वेन्सी रेडिओवर किंवा उपग्रहावरून मजकूर पाठवून. रडार नसलेल्या पट्ट्यात एकामागून एक जाणाऱ्या विमानांत अंतर जास्त ठेवतात. म्हणून पुढे त्याच उंचीवर हळू विमान असेल तर मागच्याला खालची उंची मिळते. खाली हवा दाट, इंधन जास्त जळतं आणि काही मिनिटंही जातात. मार्ग मालदीवच्या पश्चिमेला सहा-सातशे आणि सेशेल्सच्या पूर्वेला नऊशे किलोमीटर अशा मोकळ्या पाण्यावरून जातो. दोन इंजिनांच्या विमानाला, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरावीक मिनिटांत विमानतळ गाठता येईल असाच मार्ग घ्यावा लागतो. ईटॉप्स म्हणतात तो नियम हाच. इथे एका बाजूला मालदीवचं माले आणि दुसऱ्या बाजूला सेशेल्सचं माहे असल्यामुळे सगळा मार्ग १२० मिनिटांच्या आत बसतो, वळसा पडत नाही.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: "जाताना वेगळा वेळ, येताना तासाभराचा फरक." हे अटलांटिकवर खरं आहे. लंडन–न्यूयॉर्क साडेपाच हजार किलोमीटर. पश्चिमेकडे जाताना जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोरदार पश्चिमेचा वारा, समोरून येतो, पूर्वेकडे येताना पाठीशी असतो, आणि तासाभराचा फरक नेहमीचा. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. मुंबई–मॉरिशस मार्ग मात्र उत्तर–दक्षिण असल्यामुळे पश्चिमेचा वारा कुशीवर बसतो. ५० नॉट वाऱ्यातले जेमतेम २० नॉट समोरून लागतात, तेही मार्गाच्या दोन टोकांनाच. म्हणून जाण्यायेण्यात दहा-वीस मिनिटांपलीकडे फरक पडत नाही. या तिकिटावर जाताना ६ तास ३० मिनिटं, येताना ६ तास २०.

जानेवारीत लक्ष द्यायचं ते ढगांकडे. विषुववृत्ताजवळचा गडगडाटी ढगांचा पट्टा या महिन्यात दक्षिणेला सरकलेला असतो, दहा अंश दक्षिणेच्या आसपास. मुंबईहून निघाल्यावर साधारण चार तासांनी विमान त्यातून जातं. वैमानिक विमानातल्याच रडारवर ढग पाहून पन्नास-शंभर किलोमीटर बाजूने काढतात आणि पट्टे बांधायची सूचना येते. आजींना स्वच्छतागृहात जायचं असेल तर साडेतीन तासांच्या आत उरकून घ्यावं, असं मामींना आधीच सांगितलेलं होतं.

घड्याळातल्या दोन चुका

मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, त्यांची ६० अंशांची. फरक साडेबावीस अंश, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे ९० मिनिटं. तिथे उन्हाळी वेळ पाळत नाहीत, त्यामुळे हा फरक बारा महिने तोच. दुबईचं घड्याळही मॉरिशसच्याच वेळेवर चालतं. म्हणून दुबईहून २:३५ ते ९:१५ ही सरळ ६ तास ४० मिनिटं. वजाबाकीशिवाय दुसरं काही करायचं नाही. डायरेक्टच्या ९:४० मध्ये मात्र दीड तास मिळवून ११:१० करायचे, मग त्यातून ४:४० वजा. उत्तर ६ तास ३०. दुबईच्या रस्त्याने मुंबई सोडल्यापासून मॉरिशसला टेकेपर्यंत १२ तास ४५ मिनिटं.

या घरात पहिली चूक वाराची झाली. तिकिटाची प्रत फ्रीजवर चुंबकाने लावलेली, "गुरु ०४:४०" भोवती निळ्या पेनाने गोल. साताऱ्याच्या काकांनी फोनवर गुरुवार ऐकलं आणि बुधवारी रात्रीची एसटी काढली, गुरुवारी सकाळी पाचला ठाण्यात उतरणारी. म्हणजे विमान उडल्यावर वीस मिनिटांनी. मराठीत आपण पहाटे चारला "रात्रीचे चार" म्हणतो आणि ती रात्र आदल्या दिवसाची धरतो. तिकीट मध्यरात्री बारालाच वार बदलतं. मंगळवारी संध्याकाळी बॅगांचं वजन विचारायला फोन झाला तेव्हा हे उघडकीस आलं, आणि काका बुधवारी दुपारच्या गाडीने आले. पहाटेच्या विमानाचा निरोप देताना विमान सुटण्याचा वार सांगूच नये. "बुधवारी रात्री साडेबाराला घरातून निघायचं आहे" असं सांगावं.

दुसरी चूक तिकडच्या गाडीची. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते, म्हणजे ९:४० हे मॉरिशसचेच. मामांच्या मुलीने ते भारतीय समजून त्यातून दीड तास वजा केला आणि "८:१० ला उतरतोय" असा निरोप पाठवला. मिनीबस आठ वाजल्यापासून विमानतळाबाहेर उभी राहिली. तीन तासांचं थांबण्याचं भाडं लग्नघराने भरलं. निरोपात विमानाचा क्रमांक दिला असता तर चालकाने फलकावर खरी वेळ पाहिली असती. पोहोचण्याची वेळ कळवताना क्रमांक द्यावा आणि तिकिटावरचा आकडा जसाच्या तसा पाठवावा.

निवड कशी झाली

दोन्ही विमानं पोहोचतात पंचवीस मिनिटांच्या फरकाने. पण निघण्यात सहा तास चाळीस मिनिटांचा फरक आहे. दुबईसाठी बुधवारी संध्याकाळी सातला विमानतळावर हवं, म्हणजे नौपाड्यातून सव्वापाचला निघायचं, ऐन गर्दीत. मध्यरात्री दुबईत व्हीलचेअरची वाट, पुन्हा सुरक्षा तपासणी आणि पुन्हा चढणं. दाराशी दार धरलं तर डायरेक्टला साडेबारा तास, दुबईमार्गे सव्वाएकोणीस. आजींच्या गुडघ्यांचा विचार केला तर साडेसदतीस हजार वाचवणं परवडणारं नव्हतं. हे आमचं स्पष्ट मत, आणि मामांनीही तेच धरलं.

पण डायरेक्टला एक खोट होती, आणि ती लहान नव्हती. गुरुवारचं विमान रद्द झालं तर पुढचं शनिवारी. मग एकच वाट उरते: गुरुवारी रात्री दहाचं दुबईवालं धरायचं, शुक्रवारी ९:१५ ला उतरायचं, इमिग्रेशन आणि सामान घेऊन सव्वादहाला बाहेर, पाऊण तासात क्यूरपीप. मुहूर्ताला वीस मिनिटं शिल्लक. कागदावर जमतं, पण दुबईत थोडाही उशीर झाला की सगळं गेलं.

म्हणून फक्त मामांचं तिकीट बदलता येणाऱ्या भाड्याचं घेतलं, बाकी चौघांचं साधं, आणि निर्णयाच्या दोन वेळा ठरवल्या. पहिली सोमवारी दुपारी १२. नैऋत्य हिंदी महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम. तिथल्या वादळांवर रियुनियन बेटावरचं फ्रेंच हवामान केंद्र लक्ष ठेवतं आणि काही दिवसांचा अंदाज देतं. मॉरिशसपुरते इशारे वाकोआच्या हवामान खात्याचे, वर्ग १ ते ४. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळाने पोर्ट लुईत रस्त्यांवर गाड्या तरंगल्या होत्या आणि विमानवाहतूक बंद पडली होती. वादळ आलं तर डायरेक्ट काय आणि दुबई काय, दोन्ही बंद. मार्ग बदलून उपयोग नसतो, आधी पोहोचणं एवढाच इलाज. सोमवारी दुपारी अंदाजात वादळ दिसलं असतं, तर मामा एकटे त्याच रात्रीच्या, म्हणजे तिकिटावर मंगळवारच्या ४:४० ने गेले असते.

मॉरिशसच्या बाबतीत हे अधिक जपावं लागतं, कारण बेट एकटं आहे. जवळचा मोठा पर्यायी विमानतळ रियुनियनचा, सुमारे २३० किलोमीटरवर, आणि वादळ आलं की बहुधा दोन्ही बेटांना एकदमच घेरतं. त्यापुढे मादागास्करची राजधानी, अकराशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून हवामान शंकास्पद असलं की विमानाला जादा इंधन भरावं लागतं. काही वेळा निघण्याची वेळच पुढे ढकलतात. मुंबईतलं आकाश निरभ्र असूनही विमान का थांबवलं याचं उत्तर बऱ्याचदा चार हजार सातशे किलोमीटर पलीकडे असतं.

दुसरी वेळ बुधवारी दुपारी ३. तोपर्यंत गुरुवारचं विमान रद्द झाल्याचं कळलं, तर मामांना सव्वापाचला निघून दुबईवालं गाठता येतं. तीननंतर कळलं तर नाही, कारण जेव्हीएलआरवरची (जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावरची) गर्दी.

नौपाडा ते टर्मिनल दोन

तिकिटावर "मुंबई" एवढंच वाचून थांबू नये. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. कोणत्या विमानतळावरून सुटणार ते तिकिटावर नीट पाहावं. ऐरोली-कोपरखैरण्याच्या माणसाला सहार (जुना विमानतळ) आणि उलवे (नवा) या उलट्या दिशा आहेत, चुकलं तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. हे विमान सहारच्या टर्मिनल दोनवरून होतं.

नौपाड्याहून तीन हात नाका, पूर्व द्रुतगती महामार्ग, कांजूरमार्गाजवळून जेव्हीएलआर, पवई, मग पश्चिम द्रुतगतीवरून सहार उन्नत मार्ग. पंचवीस किलोमीटरच्या आसपास. मध्यरात्री पन्नास मिनिटं, संध्याकाळी पावणेदोन तास. घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवली-गायमुखकडे राहणाऱ्याने आणखी अर्धा तास धरावा. दिवसा अडवलेली अवजड वाहनं रात्री सुटतात आणि मेट्रोची, रस्त्याची कामंही रात्रीच चालतात. रात्र आहे म्हणून रस्ता मोकळाच मिळेल असं नाही.

मंडळी रात्री १२:३५ ला निघाली, १:२५ ला पोहोचली. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानांचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे इथे ३:४० ही शेवटची रेघ. व्हीलचेअर ४८ तास आधी नोंदवलेली, त्यामुळे आजींना थांबावं लागलं नाही. मॉरिशसचा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म घरीच भरलेला. पूजेची पानं, आंब्याचे डहाळे, फुलं मात्र मामींनी न्यायची ठरवली होती, ती घरीच ठेवायला लावली. ताजा वनस्पतिमाल तिथे परवान्याशिवाय चालत नाही आणि त्यावरून तपासणीत अडकणं म्हणजे हातची मिनिटं घालवणं.

प्रत्यक्षात काय झालं

सोमवारी दुपारी समुद्र शांत. बुधवारी तीनला विमान वेळेवर. पहाटे चार वाजता फलकावर उशीर लागला: येणारं विमानच उशिरा आलं होतं. गेट सुटलं ५:३० ला, म्हणजे पन्नास मिनिटं उशिरा. चाकं उचलली ५:४९ ला. हवेत ५ तास ४० मिनिटं. मॉरिशसला टेकलं तेव्हा आपले ११:२९, त्यांचे ९:५९. गेटला १०:०६. निघताना पन्नास मिनिटांचा उशीर, पोहोचताना सव्वीस. मधली चोवीस मिनिटं वेगात भरून निघाली असं मामांना वाटलं. खरं म्हणजे ती वेळापत्रकातल्या राखीव मिनिटांतून आली. विमान थोडं जोरात हाकून चार-पाच मिनिटं मिळतात, त्याहून जास्त नाही, आणि त्याला इंधन बरंच लागतं.

आजींनी रक्तदाबाची गोळी भारतीय वेळेनुसारच घेतली. दीड तासासाठी वेळ हलवायची गरज नव्हती. तासातासाने मामींनी त्यांना पावलं वरखाली करायला लावली, पाणी दिलं आणि दोनदा मधल्या वाटेत फिरवलं. ढगांच्या पट्ट्यात वीस मिनिटं विमान हललं.

इमिग्रेशन, सामान आणि तीन तास ताटकळलेल्या चालकाची समजूत काढून ११:१० ला गाडी सुटली. विमानतळ बेटाच्या आग्नेयेला आणि क्यूरपीप मधल्या पठारावर, सुमारे २५ किलोमीटर. ११:४५ ला दारात. नौपाड्यातून निघाल्यापासून १२ तास ४० मिनिटं झाली होती, त्यात प्रत्यक्ष उड्डाण निम्म्याहून कमी. हळदीला सव्वापाच तास होते. काका झोपले, मामा मांडव पाहायला गेले.

परतीचं विमान रविवारी रात्री ९:३० चं, मुंबईत सोमवारी पहाटे ५:२० ला. सव्वासहाला बाहेर, सात-सव्वासातला ठाणे. मामांनी वागळे इस्टेटच्या कंपनीत रजेचा अर्ज रविवारपर्यंतचा दिला होता. तिकिटावर परतीची तारीख रविवारची होती, पण ती निघण्याची; पोहोचण्याच्या वेळेपुढे छोट्या अक्षरात अधिक एक दिवस लिहिलेला होता. तो निघायच्या आदल्या दिवशी नजरेला पडला, अर्ज सोमवारचा केला, आणि काकांची साताऱ्याची गाडी सोमवारी सकाळी नऊची काढली.